अप्पाची मिसरी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, मठात स्वामींच्या समोर बसलो तेव्हाही नाही. सांगायची वेळच आली नाही असं म्हटलं तर ते आणखी एक खोटं होईल. वेळा पुष्कळ आल्या. प्रत्येक वेळी मी दुसरंच काहीतरी बोललो, आणि लोकांनी ते मानलं. ज्याची बायको नुकतीच गेली आहे त्याला उलट प्रश्न कोण विचारणार?

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. मी गोड माणूस नाही. यात एक बाई येईल, सुमन राठोड नावाची. ती मला तेव्हा आवडत नव्हती, आणि आज हे सगळं कबूल करायला बसलोय, तरी आवडत नाही. ती खरी ठरली म्हणून तर जास्तच नाही. तेव्हा शेवटी माझं मन बदललं, मी तिच्या पाया पडलो, असलं काही ऐकायला मिळेल या आशेनं बसू नका.

गोरेगावात आमचं दुकान. सेनगाव आणि हिंगोलीच्या जीपा जिथं थांबतात, तिथून हाकेच्या अंतरावर. पुढं दुकान, मागं घर. घरातून बाहेर पडायचं तर दुकानातूनच, दुसरी वाट नाही. साखर, तेल, चहापत्ती कुठंही मिळते. आजूबाजूच्या गावांतल्या आणि तांड्यांवरच्या बाया माझ्याकडं यायच्या त्या मिसरीसाठी. तंबाखू खापरावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची. सकाळी उठलं की बाया ती बोटानं दातांना लावत. लावल्याशिवाय डोकं चालत नाही म्हणत. कुणी दुसरीकडची नेली तर घरी भांडण व्हायचं. "अप्पाचीच आण," असं सासू सुनेला बजावायची. अप्पा म्हणजे मी.

पण ती मिसरी अप्पाची नव्हतीच. भाजायची माझी बायको, महानंदा. परसात चूल मांडून, तोंडाला पदर बांधून. किती भाजायची, खापर कधी उतरवायचं, हे तिला धुराच्या वासावरून कळे. मला आजही ते येत नाही. चांगली उतरली का बघायला ती पहिलं बोट स्वतःच्या दातांना लावायची. दर घाण्याला. लग्न होऊन आली तेव्हापासून.

हिंगोली वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराला ती संस्था आमच्याकडं आली. कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था. नाव सांगत नाही. त्यांचं काही चुकलेलं नव्हतं, मग नाव घेऊन काय करू? हिंगोलीत त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मोठे डॉक्टर शहरातून अधूनमधून येत. बाकी सगळी आपल्याकडचीच माणसं — वसमतचा एक ड्रायव्हर, दोन-चार नर्सबाया, तांड्यांवरच्या शिकलेल्या पोरी. घरोघर जाऊन विचारत, काय खाता, काय लावता, कधीपासून, तिखट लागतं का, तोंड पूर्ण उघडतं का. मग बॅटरी लावून तोंडात बघत. त्यांच्यात एक गुरुजी होते. जबड्याचा एक भाग काढलेला, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं. ते गावागावांत उपरणं सोडून दाखवायचे. बोललेलं नीट कळायचं नाही, पण बायामाणसं गप्प होऊन बघायची. दुपारी सगळे जीपच्या सावलीला बसून एकमेकांच्या डब्यातलं खायचे, गुरुजींसाठी कुणीतरी भाकरी दुधात कुस्करून आणायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, एकाच घरची माणसं आहेत.

मला त्यांचा राग यायचा. खोटं कशाला बोलू? राग मिसरीवरून तर होताच, पण त्याहून जास्त त्यांच्या त्या आपसातल्या मायेचा होता. हे लोक कोण, यांना कुणी बोलावलं, हे आमच्या बायांना आमच्याबद्दल काय शिकवतात?

आणि त्यात सुमन. जवळच्याच तांड्यातली. तिचा बाप माझ्याकडून गूळ न्यायचा आणि मला मालक म्हणायचा. पायरीच्या खाली उभा राहून बोलायचा. त्याची ही पोरगी बारावी शिकली, संस्थेत लागली, आणि एका बाजाराच्या दिवशी माझ्या दुकानासमोरच चित्रांचा फलक घेऊन उभी राहिली. सडलेली तोंडं, गालाला पडलेली भोकं. भोवती बायांचा घोळका.

"ही मिसरीनं झालेली तोंडं हायेत," ती म्हणाली. "कुणाच्या बी दुकानातली असू द्या. समोरच्या दुकानातली बी."

मी गादीवरून उठून खाली उतरलो. "माझ्या दारात काहून करून राहिली हा तमाशा?"

"दार तुमचं हाय अप्पा, बाजार सगळ्यांचा हाय," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. बाया हसल्या. आणि त्यांच्यात माझी रोजची गिऱ्हाइकं होती.

तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. तांड्यातली पोरगी, ज्याच्या बापाला मी कधी बस म्हटलं नाही त्याची पोरगी, भर बाजारात मला बोलली आणि लोक हसले. ते हसणं मी आत कुठंतरी ठेवून दिलं. पुढं जे झालं ते त्या हसण्यातून झालं. दुकान बुडेल ही भीती होती का? थोडी असेल. पण मी स्वतःला ओळखतो. भीतीपेक्षा वैर मोठं होतं.

मग शाळेत त्यांचं शिबिर झालं. महानंदा मला न विचारता गेली. शेजारणीबरोबर पीठ दळायला म्हणून निघाली आणि तिकडं जाऊन आली. संध्याकाळी जेवायला वाढताना तिनंच सांगितलं.

"माझ्या गालात आतून चट्टा हाय म्हणं. पांढरा. हिंगोलीला बोलावलंय, बारीक तुकडा काढून तपासत्यात."

यावर माणसानं काय विचारावं? कसला चट्टा, दुखतं का, कधीपासून आहे. मी विचारलं, "कुणी बघितलं?"

"सुमननं."

बस. पुढचं मी ऐकलंच नाही. माझ्या घरातल्या बाईच्या, माझ्या बायकोच्या तोंडात सुमननं बॅटरी लावून बघितलं होतं आणि तिला हवं ते सापडलं होतं. आता ती बाजारात काय सांगेल? समोरच्या दुकानातली मिसरी, आणि समोरच्याच घरातली बाई.

आणि मला काही माहीत नव्हतं असंही नाही. महानंदानं ठेचा खाणं सोडलं होतं. भाजीला तिखट कमी घालत होती. मी चिडायचो, अळणी केलंस म्हणून. ती भाकरी ताकात बुडवून खायची आणि घास एकाच गालानं चावायची. मी रोज समोर बसून ते बघत होतो.

काही दिवसांनी सुमन घरी आली. दुपारची वेळ, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पायरीवर चढली आणि म्हणाली, "अप्पा, काकू तपासायला आल्या न्हाईत. त्यांना न्यायचंय."

"माहेरी गेली," मी म्हणालो. "कळमनुरीला."

"कवा येतील?"

"काय सांगावं."

ती तिथंच उभी राहिली. मागच्या परसातून धूर येत होता. खापरावरच्या तंबाखूचा वास सगळ्या दुकानात भरला होता. तो वास तिला कळणार नाही असं कसं होईल? तिची आईही मिसरी लावायची.

"मग भाजून कोण राहिलं अप्पा?"

"तुला काय करायचं? चल, निघ."

तिनं माझ्याकडं बघणं सोडलं. माझ्या खांद्यावरून आत, घराच्या दिशेनं बघून मोठ्यानं म्हणाली, "काकू, परवा सकाळी जीप येती. फाट्यावर थांबंल. तुमी नुसतं या. बाकी समदं आमी बघतो." आणि गेली.

मी आत गेलो. महानंदा चुलीपुढं बसून उलथण्यानं तंबाखू हलवत होती. वर न बघता म्हणाली, "मी कवा गेले माहेरी?"

मी परत दुकानात येऊन गादीवर बसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती लवकर उठली. न्हाली. पेटीतलं हिरवं लुगडं काढून नेसली. पिशवीत एक सुती लुगडं आणि तांब्या घातला. मी दुकान उघडून गादीवर बसलो होतो, पाय पुढं पसरून, समोरच्या पोत्यावर टेकवून. आमच्या दुकानात गादी आणि पोती यांच्यामधून एक माणूस जाईल एवढीच वाट होती. ती दारात येऊन उभी राहिली.

"जाऊ द्या मला," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो नाही. कधीच नाही म्हणालो नाही, आणि हे मी पुढं किती वर्षं स्वतःला बजावत राहिलो. मी नुसते पाय काढले नाहीत. पेपर वाचत राहिलो. नवऱ्याचे पाय ओलांडून जाणं तिच्या हातून झालं नसतं, हे मला माहीत होतं. फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. थोडं थांबून पुन्हा वाजला. मग पुन्हा. ती लोकं बराच वेळ थांबली. मग गाडी चालू झाल्याचा आवाज आला आणि लांब गेला.

ती आत गेली. थोड्या वेळानं बघतो तर हिरवं लुगडं घडी करून पेटीत गेलं होतं आणि ती रोजच्या लुगड्यात चुलीपुढं बसली होती.

त्यानंतर तिनं परत कधी विचारलं नाही. सुमन दोनदा आली, मी दोन्ही वेळा तिला पायरीवरूनच परत पाठवलं. पावसाळा गेला. महानंदाचं तोंड उघडेना. पेज चमच्यानं पाजायला लागलो. मी एका वैदूचा लेप आणला, तो लावला. मानेला गाठ दिसायला लागली तेव्हा बाहेरगावी कामाला असलेला मुलगा परत आला, त्यानं माझं ऐकलं नाही, तिला नांदेडला नेलं, मीही गेलो. मुलगा केसपेपर काढायला रांगेत होता तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तोंडात बघितलं आणि मला विचारलं, "इतके दिवस कुठं होतात?" मी म्हणालो, "आम्हाला कळलंच न्हाई साहेब." महानंदा बाजूलाच बसली होती. तिला बोलता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या पंख्याकडं बघत राहिली. डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या. आता उपयोग काय, असं म्हणून मी तिला तसंच परत आणलं. म्हणजे कुठंच, कुणीच, तिच्या तोंडातला तुकडा काढला नाही. हे लक्षात ठेवा. याच्यावरच पुढचं सगळं आहे.

ती गेली. आमच्यात माती देतात. माती देऊन आलो आणि घर माणसांनी भरलं.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला येत होते तेव्हा सुमन आली. बरोबर ते उपरणंवाले गुरुजी. ती बायांच्या बाजूला टेकली. माझा एक चुलतभाऊ बसला होता, त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं विचारलं, "अप्पा, वहिनी या लोकायच्याच शिबिरात गेल्त्या ना?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मुलाचीही. सुमननं तोंड उघडलंय असं मला वाटलं. ती आता सांगणार. जीप थांबली होती, मी पाठवलं नाही, घरात असून माहेरी गेली म्हणालो. माझ्याच घरात, माझ्या मुलासमोर. तिच्याआधी मी बोललो.

"व्हय," मी म्हणालो. "यायनंच तिच्या तोंडातला तुकडा काढला. तवापासून पसरलं. चांगली हिंडती-फिरती बाई व्हती माझी."

सुमन उभी राहिली. "अप्पा, तुकडा कवा काढला? काकू हिंगोलीला आल्याच न्हाईत. मी तुमच्या दारात—"

"मेलेल्या माणसाच्या घरात येऊन मलाच खोटं पाडती का?" मी म्हणालो.

एवढं पुरे झालं. माझा मुलगा तिच्या अंगावर धावून गेला. बाया ओरडल्या. कुणीतरी तिच्या पाठीत धक्का दिला, ती दाराच्या चौकटीवर आदळली. गुरुजींनी मध्ये पडून तिला बाहेर काढलं. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, पण त्यांचं बोलणं कुणाला कळतं? बाहेर पायरीवर उभे राहून ते बराच वेळ काहीतरी सांगत होते. कुणी ऐकलं नाही.

माझ्या मुलानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी रडलो. ते रडणं खरं होतं का? होतं. खरं रडणं खोट्याच्या किती कामी येतं, ते त्या दिवशी बघितलं.

मिसरी भाजायला मी दुसरी एक बाई ठेवली. तिची महानंदासारखी उतरत नव्हती, पण खपत होती. आणि प्रत्येक पुडीबरोबर ती गोष्टही जात होती. मला सांगावीही लागत नव्हती. अप्पाच्या बायकोचा तुकडा काढला आणि आग लागल्यासारखं पसरलं. बाजारात, जीपमध्ये, लग्नाच्या मांडवात. माझ्याच कानावर ती परत यायची तेव्हा तिच्यात भर पडलेली असायची. तुकडे शहरात नेऊन विकतात, संशोधन म्हणजे बायांच्या जिवावरचे प्रयोग. मी मान हलवायचो. नुसती मान हलवायचो.

संस्थेच्या माणसांना लोक दार उघडेनात. एका गावात जीपच्या चाकांतली हवा सोडली. सुमनच्या तांड्यात नायकानंच, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानंच, तिला सांगितलं, बॅटरी घेऊन घरात शिरायचं न्हाई. स्वतःच्या तांड्यातल्या बाया विकती, असं तिला म्हणायचे. तिच्या बापाला बैठकीत कुणी जवळ बसवेना, असंही कळलं. मला हे गिऱ्हाइकं येऊन सांगायची, मला बरं वाटावं म्हणून. आणि बरं वाटायचं. आज इथपर्यंत आलोच आहे तर हेही घ्या. मला बरं वाटायचं.

इथं थांबलो असतो तर चाललं असतं, असं मला सांगताना वाटून गेलं. एवढंही पुष्कळ झालं की. पण जे सांगायला बसलोय ते अजून सांगितलेलंच नाही. पायांचं मी सांगितलं, खोलीतलं सांगितलं. त्या दोन्हींना कुठंतरी काहीतरी कारण देता येतं. राग होता, मुलगा समोर होता, घरात मयत झालेलं होतं. याला देता येत नाही.

सुमनच्याच तांड्यात सकरीबाई नावाची एक बाई होती. माझी जुनी गिऱ्हाईक. अंगात आरशांची कांचोळी, हातभर बांगड्या, दर बाजाराला यायची, मिसरी घ्यायची आणि पायरीवर बसून महानंदाशी दोन शब्द बोलून जायची. महानंदा गेली तेव्हा ती परसात जाऊन एकटीच रडून आली होती. एका दुपारी ती आली. बाजाराचा दिवस नव्हता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दुकानात मी एकटा. मुलगा सेनगावला गेला होता. ती नेहमीसारखी पायरीवर बसली नाही, आत आली, गादीच्या जवळ उभी राहिली आणि डोक्यावरची ओढणी बाजूला केली. डावा गाल आतून फुगल्यासारखा दिसत होता.

"अप्पा, एक इचारायचंय," ती म्हणाली. बोलताना तोंड पुरं उघडत नव्हतं. मी तसं तोंड वर्षभर समोर बघितलं होतं.

"इचार."

"सुमन म्हणती तुकडा काढून तपासू. लवकर हाय म्हणती, बरी व्हशील म्हणती. माझी पोरं जाऊ नको म्हणून राहिले. तुमच्या घरचं सांगतेत." तिनं फुगलेल्या गालावर हात धरला. "मी सुमनला म्हणलं, अप्पाच्या घरात घडलं ते काय खोटं हाय का? तर ती म्हणली, मावशी, तू एकटी जा. अप्पाला एकट्याला गाठून इचार. तुझ्या तोंडाकडं बघून अप्पा खोटं बोलणार न्हाईत."

कळलं तुम्हाला? सुमननं तिला माझ्याकडं पाठवलं होतं. ज्या घरात तिला धक्के मारले, त्याच घरात. माझ्यात काहीतरी शिल्लक असेल असं धरून पाठवलं होतं.

"तर सांगा अप्पा," सकरीबाई म्हणाली. "तुकडा काढल्यानं पसरतं का?"

दुकानात कुणी नव्हतं. मुलगा नव्हता, भाऊ नव्हता, हसणाऱ्या बाया नव्हत्या. मी नाही म्हणालो असतो तर कुणाला कळलं नसतं. ती जाऊन गुपचूप तपासून आली असती. मी तिला म्हणू शकलो असतो, जा बाई, आजच जा, माझं ऐकू नको. एवढंही नको. नुसतं "न्हाई" म्हटलं असतं तरी चाललं असतं. आणि माझ्या मनात त्या वेळी काय होतं? सुमन होती. फलक घेऊन उभी असलेली सुमन. मी नाही म्हणालो की ही बाई तांड्यात जाऊन सांगणार, अप्पानं कबूल केलं. सुमन जिंकणार.

मी सकरीबाईच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "व्हय. पसरतं."

तिनं मान हलवली. ओढणी परत गालावर घेतली. तिला बरं वाटलं असं मला दिसलं. घाबरलेल्या माणसाला कापू नका म्हटलं की बरंच वाटतं. जाताना तिनं एक पुडी मागितली. मी दिली.

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. तिचा थोरला मुलगा दिवसकार्याचं सामान न्यायला माझ्याच दुकानात आला. रवा, साखर, तेल. मी तराजूत साखर घालत होतो. तो म्हणाला, "माय शेवटपर्यंत म्हणायची अप्पा, बरं झालं इचारलं. न्हाई तर अजून हाल करून मारलं असतं त्या लोकायनं मला." त्याचे डोळे भरले होते. तो माझे उपकार मानत होता. मी साखर तोलली, पुडा बांधला, त्याच्या हातात दिला.

त्यानंतर संस्थेनं आमच्या बाजूचं काम आवरतं घेतलं. जीप येईनाशी झाली. ती माणसं दुसरीकडं कुठं तरी गेली. गुरुजी वारले असं ऐकलं. मी काही केलं नाही, आनंदही नाही. दुकान पुढं मुलाकडं गेलं. त्यानं आता मोबाईलचं रिचार्ज, बॅगा असलं काही ठेवलंय. मिसरी कोपऱ्यात असते. मागणारी बाई आली की तो काढून देतो.

काही वर्षांनी हिंगोलीच्या स्टँडवर सुमन दिसली. वसमतच्या गाडीची वाट बघत होती. अंगानं भरली होती, केस कपाळाशी पांढरे झालेले. एका दवाखान्यात कामाला आहे असं नंतर कळलं. मला बघून ती उठून गेली नाही. मी जवळ जाऊन उभा राहिलो. काय म्हणणार होतो, मला अजून नीट माहीत नाही. बहुतेक हेच, जे तुम्हाला सांगतोय.

"सुमन," मी म्हणालो, "ते सकरीबाईचं—"

"मला नका सांगू अप्पा," ती म्हणाली. आवाज तोच, न चढणारा. "मला समदं ठाव हाय. मला सांगून काय व्हणार, तुमालाच हलकं वाटंल. तांड्यात जाऊन सांगा. तिच्या पोरायला सांगा. माझ्या बापाला सांगा, अजून जित्ता हाय."

मला त्या क्षणीही तिचा राग आला. एवढं सगळं करून मी तिच्यासमोर मान खाली घालून उभा होतो, आणि ती मला तेवढंही देईना. गाडी लागली. ती पिशवी उचलून चढली आणि खिडकीशी बसली. परत माझ्याकडं बघितलं नाही.

तो तांडा आमच्या गावापासून लांब नाही. सेनगावची जीप त्याच्या फाट्यावरूनच जाते. सकरीबाईची पोरं अजून बाजाराला येतात, रस्त्यात दिसलो की वाकून नमस्कार करतात. सुमनचा बाप देवळाच्या पारावर एकटा बसलेला असतो. त्याला ऐकू कमी येतं, पण कानाशी तोंड नेलं तर येतं.

मी गेलो नाही. तुम्ही तांड्यातले नाही, माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगितलं.